हप्ता कुणाचा, खेळ कुणाचा?

नाशिकच्या सिडको भागातल्या एका वाचकाचं पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ. पेन्शन नावापुरती, पीएफचे पैसे मुदत ठेवीत. एकुलती एक मुलगी २७ वर्षांची. इथे बी.कॉम. करून ती कॅनडात विनिपेगला शिकायला गेली आणि आता तिथेच एका विमा कंपनीत हिशेबाचं काम करते. शिक्षणासाठी राहतं घर तारण ठेवून कर्ज काढलं, वडील सहकर्जदार आहेत. ९ लाख फिटायचे आहेत, महिन्याचा हप्ता २१ हजार, आणि आजवर तो मुलगीच न चुकता भरत आली आहे. विनिपेगच्या पहिल्या-दुसऱ्या हिवाळ्यात ऑफिसातल्या लोकांबरोबर ती कर्लिंग, म्हणजे ब्रशने बर्फ घासत त्यावरून जड दगड सरकवण्याचा खेळ, खेळायला लागली. आता महिलांच्या एका स्पर्धात्मक संघात तिला ‘सेकंड’ची जागा मिळते आहे. त्यासाठी नोकरी आठवड्यातून तीन दिवसांवर आणायची आणि दोन वर्षं हप्ता बाबांनी भरायचा, असं तिचं म्हणणं.

वडील लिहितात, ‘‘एवढं शिकून पोरगी बर्फावर झाडू मारणार? तिथल्या मैत्रिणींनी तिला नादी लावलंय. नातेवाइकांना काय सांगू? भारताकडून खेळणार म्हणावं, तर आपल्याकडे बर्फच नाही. लग्नाचं वय निघून चाललंय. हे वेड तिच्या डोक्यातून कसं काढू? नाही म्हटलं तर ती तुटेल, आणि हो म्हटलं तर घर तारण आहे.’’

नमस्कार,

तुमच्या पत्रातला खरा प्रश्न शेवटच्या तीन शब्दांत आहे, ‘घर तारण आहे’. तो तुम्ही तळाला टाकलात आणि वरचा सगळा कागद झाडूवर खर्च केलात. माझी तक्रार नाही, माणसाचं असंच होतं. पैशाची भीती बोलून दाखवणं जड जातं, खेळाला नावं ठेवणं सोपं असतं. पण मुलीशी फोनवर बोलताना हाच क्रम राहिला तर ती पहिल्या दोन मिनिटांत कान बंद करेल आणि घराचा विषय येईपर्यंत फोन ठेवलेला असेल.

म्हणून आधी तो झाडू बाजूला काढू.

कर्लिंगमध्ये वीस किलोच्या आसपास वजनाचा, घासून गुळगुळीत केलेला ग्रॅनाइटचा दगड जवळजवळ ४५ मीटर लांबीच्या बर्फाच्या पट्टीवरून सोडायचा असतो. पलीकडे रंगीत वर्तुळं आखलेली असतात. त्यांच्या मध्याजवळ ज्या संघाचा दगड राहील, त्याला गुण. हा बर्फ आरशासारखा सपाट नसतो. त्यावर मुद्दाम पाण्याचे बारीक थेंब शिंपडून गोठवतात, त्यामुळे तो हाताला खरखरीत लागतो. दगड सोडताना त्याला किंचित फिरकी दिलेली असते, आणि वेग कमी होत जाईल तसा तो वळत जातो. पुढे धावणारे दोन खेळाडू ब्रशने बर्फ घासतात तेव्हा पृष्ठभाग किंचित तापतो, घर्षण कमी होतं, दगड लांब जातो आणि कमी वळतो. केव्हा घासायचं, किती जोर लावायचा, केव्हा ब्रश उचलायचा, हे दगड चालता असतानाच्या वीस-पंचवीस सेकंदांत ठरवायचं असतं.

तुमच्या मुलीची जागा सेकंडची, म्हणजे चौघींमध्ये दुसऱ्या क्रमांकावर दगड टाकणारी. एका डावात संघाचे आठ दगड असतात. त्यातले दोन ती टाकते, आणि उरलेल्या सहांच्या पुढे ब्रश घेऊन धावते. एका पायातल्या बुटाचा तळ घसरता, दुसऱ्याचा पकड घेणारा. असे आठ किंवा दहा डाव, दोन-अडीच तास. दुसऱ्या दिवशी खांदे आणि गुडघे काय म्हणत असतील ते तिलाच विचारा. आणि हे घासणं किती निर्णायक असतं म्हणाल, तर २०१५-१६च्या हंगामात नव्या प्रकारच्या कापडाचे ब्रश आले आणि दगड हवा तसा वळवता येऊ लागला. त्यावरून एवढं रान उठलं की कोणतं कापड चालेल हे जागतिक महासंघाला नियम करून सांगावं लागलं. ज्याला तुम्ही झाडू म्हणता, त्यावर चौकशी बसली होती!

आणखी एक गोष्ट तुम्हाला बाप म्हणून आवडेल. चालत्या दगडाला चुकून पाय किंवा ब्रश लागला, तर ज्याचा लागला त्यानेच पुढे होऊन सांगायचं असा या खेळाचा रिवाज आहे. सामना सुरू होताना आणि संपल्यावर हस्तांदोलन ठरलेलं. क्लबमध्ये तर जिंकलेल्यांनी हरलेल्यांना काहीतरी पाजायचं अशीही पद्धत आहे. वाईट संगतीची भीती वाटत असेल तर एवढं ध्यानात असू द्या.

नादी लावल्याचं म्हणाल, तर विनिपेगमध्ये राहून कर्लिंगकडे जायला कुणी नादी लावावं लागत नाही. निफाडचा पारा जरा घसरला की आपल्याकडे पेपरात पहिल्या पानावर बातमी येते. तिकडे उणे तीसचे दिवस येतात आणि हिवाळा चार-पाच महिने हटत नाही. माणसं संध्याकाळी एकत्र जमतात ती बर्फाच्या हॉलमध्ये. मॅनिटोबा प्रांतात लहान गावांतूनही कर्लिंगचे क्लब आहेत. कॅनडाची महिलांची राष्ट्रीय स्पर्धा २०२० ते २०२३ सलग चार वेळा जिंकणारी केरी आयनरसन याच प्रांतातल्या गिमली या छोट्या गावच्या क्लबची. अनोळखी शहरात एकटी राहणारी मुलगी तिथल्या लोकांत मिसळली, एका संघाने तिला आपलं मानलं. परदेशी गेलेल्या कितीतरी मुलांचे आईबाप याच गोष्टीसाठी झुरत असतात.

आता ‘करिअर’. तुमच्या डोक्यात चित्र असं आहे की एका बाजूला नोकरी, दुसऱ्या बाजूला खेळ, आणि मुलगी पहिली सोडून दुसऱ्यात उडी घेते आहे. क्रिकेट पाहून आपली सगळ्यांचीच अशी समजूत झाली आहे. कर्लिंगमध्ये ही विभागणी बहुतेकांना परवडतच नाही. २०१४ला सोची ऑलिंपिकमध्ये एकही सामना न हरता सुवर्ण जिंकणारी जेनिफर जोन्स तुमच्या मुलीच्याच शहरातली, आणि पेशाने वकील. स्वीडनची आनेट नोरबर्ग २००६ आणि २०१०, दोन्ही ऑलिंपिकची विजेती कर्णधार. ती विमा क्षेत्रात अॅक्च्युअरी, म्हणजे विम्यातल्या जोखमीचं गणित मांडणारी होती, तुमच्या मुलीच्याच आळीतली. अमेरिकेच्या पुरुष संघाने २०१८ला सुवर्ण घेतलं तेव्हा त्यात एक इंजिनिअर होता, एक दारूच्या दुकानाचा मॅनेजर होता, आणि कर्णधार जॉन शुस्टर खेळाचं सामान विकणाऱ्या दुकानात काम करायचा. त्याच शुस्टरला त्या सुवर्णाच्या चार वर्षं आधी त्यांच्या संघटनेने खास प्रशिक्षणाच्या यादीतून वगळलं होतं. वगळलेल्यांनाच जमवून त्याने संघ उभा केला.

अगदी वरच्या फळीतल्या मोजक्या संघांना सरकारी मानधन, प्रायोजक, मोठी बक्षिसं मिळतात. ‘रॉक लीग’ नावाची व्यावसायिक लीगही जाहीर झाली आहे. पण तुमच्या मुलीच्या पातळीवर खेळातून घर चालत नाही. नोकरीतून खेळ चालतो. हे तिला ठाऊक असणार, म्हणूनच ती नोकरी सोडत नाही, तीन दिवसांवर आणते आहे. तुमच्या पत्रात पुढेपुढे ‘नोकरी सोडून’ असं आलंय. तेवढं दुरुस्त करून घ्या, फोनवर तोंडून निघालं तर तिथेच भांडण होईल.

नोकरीच्या आधाराने खेळ, हे आपल्या जिल्ह्याला नवं नाही. दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. प्यायच्या पाण्याची मारामार असलेल्या भागातला हा मुलगा सैन्यात भरती झाला, तिथे त्याच्या हाती वल्हं आलं, आणि २०१६ला रिओ ऑलिंपिकमध्ये तो एकेरी नौकानयनात तेरावा आला. २०१८च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत सुवर्ण. सैन्याचा पगार नसता तर ती नाव कुठे जाणार होती? ‘आपल्याकडे बर्फच नाही’ म्हणताना दत्तूच्या गावचं पाणी आठवा.

भारताकडून खेळण्याचं म्हणाल तर भारताचे संघ अलीकडे आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरू लागले आहेत. आणि बर्फ नसलेल्या देशांची गोष्ट आता पूर्वीसारखी हसण्यावारी नेता येत नाही. २०२५च्या फेब्रुवारीत हार्बिनच्या आशियाई हिवाळी स्पर्धेत पुरुषांच्या कर्लिंगचं सुवर्ण फिलिपिन्सने नेलं, तेही अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला हरवून. खेळाडू मूळ फिलिपिनो कुटुंबांतले, पण बहुतेक जण खेळ शिकले स्वित्झर्लंडमध्ये. उद्या तुमच्या मुलीपुढे हा रस्ता उघडेलच असं मी म्हणत नाही. असे संघ बरेचदा स्वखर्चाने फिरतात. एवढंच, की कॅनडाचं नागरिकत्व घ्यायची वेळ येईल तेव्हा भारताचा पासपोर्ट सोडावा लागेल, दोन्ही ठेवता येत नाहीत. ऑलिंपिकला ज्या देशाकडून खेळायचं त्याचं नागरिकत्व लागतं. तेव्हा तो निर्णय तिने खेळाचाही विचार करून घ्यावा. ही आजची अडचण नाही, सोडून द्या.

वयाबद्दल तुम्ही दोन गोष्टी एकात मिसळल्या आहेत. खेळाचं वय म्हणाल तर जोन्स सोचीला ३९ वर्षांची होती, नोरबर्ग दुसऱ्या सुवर्णाच्या वेळी ४३ची, आणि कॅनडाच्या रस हॉवर्डने २००६ला पन्नाशीत सुवर्ण घेतलं. २७ हे कर्लिंगमध्ये म्हातारपण नाही. मात्र ही सगळी मंडळी लहानपणापासून खेळलेली. तुमच्या मुलीने विशी ओलांडल्यावर पहिला दगड सोडला. मॅनिटोबात महिलांचे तगडे संघ आहेत, प्रांताची फेरी पार करून राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचणं तिला फार कठीण जाईल, आणि दोन वर्षांत तर बहुधा जमणारच नाही. हे तुम्ही तिला ऐकवू नका. ते तिला तुमच्यापेक्षा नीट कळतं. तुम्ही विचारा ते वेगळं: दोन वर्षांनंतर कुठे पोचली म्हणजे तू समाधानी असशील? उत्तर ‘ऑलिंपिक’ आलं तर काळजी करा. ‘प्रांताच्या स्पर्धेत खेळायचंय’ किंवा ‘मी किती चांगली होऊ शकते ते पाहायचंय’ असं आलं, तर मुलगी जमिनीवर आहे.

लग्नाच्या वयाचं मी इथे काही बोलणार नाही. तिने तुम्हाला त्यावर प्रश्न विचारलेला नाही, आणि दोन विषय एका फोनमध्ये बसत नाहीत.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की मी मुलीची बाजू घेऊन बसले आहे. तसं नाही. हप्त्याच्या बाबतीत मला तिचं म्हणणं पटलेलं नाही.

निवृत्त बापाच्या मुदत ठेवीतून दोन वर्षं २१ हजार म्हणजे ५ लाख ४ हजार रुपये. ती खेळणार, आणि म्हातारपणाची गंगाजळी तुमची आटणार. तिने हे लबाडीने मागितलंय असं मला वाटत नाही. पगाराचा आकडा कमी होतोय, कुठला तरी खर्च काढायला हवा, आणि घरचं माणूस सांभाळून घेईल, एवढाच सरळ हिशेब तिने केला असणार. तुमच्या ठेवीवर घर कसं चालतं, हे तिला कधी कुणी सांगितलंय का? आपल्याकडे बाप निवृत्त होतो, पण मुलांना त्याच्या खिशाचा पत्ता नसतो. ‘आमची काळजी करू नकोस’ हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकलेल्या मुलीने काळजी केली नाही, तर तिला तरी काय बोल लावायचा?

म्हणून तिला आकडे सांगा. व्याज साधारण साडेदहा टक्के धरलं तर तुमच्या ९ लाखांचा २१ हजारांचा हप्ता अजून साडेचार वर्षं चालेल. दोन वर्षं काहीच भरलं नाही तर ९ लाखांचे ११ लाखांच्या वर होतील. आणि ते होण्याच्या कितीतरी आधी खातं थकीत होऊन बँकेचं पत्र तुमच्या दारात येईल, सिबिल दोघांचंही बिघडेल, कारण सहकर्जदार तुम्ही आहात. हा पर्याय नाहीच. पण हेच कर्ज आठ वर्षांवर नेलं तर हप्ता १४ हजारांच्या आत येतो. एकूण व्याज सुमारे २ लाखांनी वाढतं. ही तिच्या खेळाची किंमत, आणि ती तिने भरायची. १४ हजार रुपये म्हणजे ढोबळमानाने दोनशे-सव्वादोनशे कॅनेडियन डॉलर. तीन दिवसांच्या पगारात भाडं, खाणं, बर्फाची फी आणि हे डॉलर बसतात का, ते तिने कागदावर मांडून दाखवावं. हिशेब तर तिचा रोजचा धंदा आहे.

मुदत वाढवायची की नाही हे बँकेच्या हातात असतं, अर्ज करावा लागतो. शैक्षणिक कर्जाच्या नेहमीच्या योजनेत परतफेडीची मुदत १५ वर्षांपर्यंत असू शकते. तुमच्या मंजुरीपत्रात काय लिहिलंय ते बघा. व्याजदर बदलता असेल तर पुढे हाती पैसे आले की जास्तीचे भरून कर्ज लवकर फेडता येतं, त्यावर दंड लागत नाही. म्हणजे आठ वर्षं हा कागदावरचा आकडा. खेळ थांबला आणि पूर्ण पगार सुरू झाला की चार-पाच वर्षांतही मोकळं होता येईल.

तुमच्या हाताशी आणखी एक पर्याय आहे, तो बहुधा तुम्हा दोघांच्याही डोक्यात आलेला नाही. कर्लिंगचा हंगाम साधारण सप्टेंबर ते एप्रिल. उन्हाळ्यात बरेच क्लब बर्फ वितळवून टाकतात. मग बाराही महिने तीन दिवस कशाला? उन्हाळ्यात पूर्ण वेळ, हंगामात चार दिवस, स्पर्धेच्या शुक्रवारी बिनपगारी रजा, असं काही तिच्या कंपनीत जमतं का? तिने साहेबांना विचारून पाहावं. कर्लिंग म्हणजे काय हे त्या शहरातल्या साहेबाला समजावून सांगावं लागणार नाही, कदाचित तो स्वतःच दर आठवड्याला खेळत असेल. पाचाचे चार दिवस झाले तर २१ हजारांच्या हप्त्यालाही हात लावावा लागणार नाही.

नोकरीचे तास कमी करण्याआधी मात्र एक गोष्ट पक्की करायला हवी, आणि ती तुमच्या पत्रात नाही: तिला कॅनडाचा कायम रहिवास, म्हणजे पीआर, मिळालाय का? मिळाला असेल तर प्रश्न नाही. अजून वर्क परमिटवर असेल आणि तिथल्या अनुभवाच्या जोरावर अर्ज करणार असेल, तर एक वर्षाचा अनुभव म्हणजे १५६० तास काम, आठवड्याला ३० तासांच्या हिशेबाने, असं तिथलं गणित आहे. अर्धवेळ काम धरतात, पण तास भरायला तेवढा जास्त काळ लागतो. आणि परमिटची तारीख तर थांबत नाही. अशा वेळी खेळासाठी तास कमी करणं म्हणजे पायावर धोंडा. पीआर हाती येईपर्यंत संघात राखीव खेळाडू म्हणून राहा, असं तुम्ही ठामपणे सांगू शकता, आणि ते तिला पटेल. कंपनीकडून मिळणारा दाताचा, फिजिओथेरपीचा विमाही तासांवर अवलंबून असू शकतो. सेकंडला फिजिओ लागतोच, तेव्हा तेही तिने विचारून घ्यावं.

मग संघाचा हिशेब. बर्फाचं भाडं, स्पर्धांची प्रवेश फी, गाडीचं पेट्रोल, हॉटेल, ब्रशची कापडं, जर्सी, प्रशिक्षक, सगळं चौघी-पाच जणी वाटून घेतात. लहान स्पर्धांत लवकर बाहेर पडलं की हाती काही येत नाही. पुढच्या हंगामाचा अंदाजपत्रकाचा कागद संघाकडे आहे का? मधेच कुणी संघ सोडला तर भरलेल्या पैशांचं काय? बक्षीस आणि प्रायोजकाचे पैसे कुणाच्या खात्यात जमा होतात? हे विचारलं म्हणजे अविश्वास दाखवला असं नाही. दक्षिण कोरियाच्या उईसाँग गावाचं उदाहरण घ्या. आपल्या लासलगावला जसा कांदा तसा तिथे लसूण. तिथल्या मुलींच्या संघाने २०१८ला ऑलिंपिकचं रौप्य जिंकलं आणि देशभर डोक्यावर घेतल्या गेल्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांनी जाहीर तक्रार केली की संघ चालवणाऱ्यांनी बक्षिसाचे पैसे आपल्यापर्यंत पोचू दिले नाहीत. सरकारी चौकशीत गैरव्यवहार निघाले. ऑलिंपिकचं पदक गळ्यात असलेल्यांवर ही पाळी आली. तुमची मुलगी चार मैत्रिणींच्या संघात जाते आहे, तिथे दोन पानी करार आधी झालेला बरा.

पत्र लिहिणाऱ्या या बाबांसारखे आणखीही पालक हे वाचत असतील. कुणाचा मुलगा नेमबाजीसाठी वर्षभर कॉलेज सोडू म्हणत असेल, कुणाची मुलगी बुद्धिबळाच्या स्पर्धांना परदेशी जाऊ म्हणत असेल. नाशिकचा विदित गुजराथी २०२४ला टोरांटोत जगज्जेतेपदाच्या आव्हानवीरांच्या स्पर्धेत खेळला, तेव्हा बुद्धिबळाच्या बाबतीत आता फारसं समजवावं लागत नाही. कर्लिंगच्या बाबतीत लागतं, एवढाच फरक. खेळ कुठलाही असो, घरात आधी पैशांची सीमा ठरवा: घर आणि आईवडिलांच्या म्हातारपणाच्या ठेवी यांना हात लावायचा नाही. मग मुदत ठरवा आणि ती संपली की बसून बोलायचं कबूल करून घ्या. खेळ चांगला की वाईट हा वाद त्या बैठकीत आणू नका, तो कधीच मिटत नाही. मूल सज्ञान असेल आणि स्वतःच्या पैशावर खेळत असेल, तर तुमची परवानगी ही त्याने मानाने मागितलेली गोष्ट आहे. त्या परवानगीचा वापर रोखण्यासाठी एकदाच करता येतो. पुढच्या वेळी मूल विचारायला येत नाही.

तुमच्या पत्रात मुलीच्या आईचं मत कुठेच नाही. त्यांना काय वाटतं? कदाचित त्यांनी मुलीचा सामना पाहिलेलाही असेल. तुम्ही पाहिलाय का? आजकाल पुष्कळ सामने यूट्यूबवर थेट दाखवतात. हिवाळ्यात विनिपेग आपल्या साडेअकरा तास मागे असतं. तिकडचे गुरुवारी संध्याकाळचे सात म्हणजे आपले शुक्रवारी सकाळचे साडेसहा. चहाच्या वेळेला बरोबर बसतं. एक सामना बघा आणि मगच ‘झाडू’ म्हणायचं की नाही ते ठरवा.

नातेवाइकांना काय सांगायचं? ‘विनिपेगला विमा कंपनीत आहे, आणि तिथल्या महिला संघातून कर्लिंग खेळते.’ पुढे कुणी हसलंच, तर त्यांच्या घरातलं कोण कुठल्या संघातून काय खेळतं ते विचारा. विषय बदलेल.

राहिली तारीख. कर्लिंगमध्ये संघांची जुळवाजुळव हंगाम संपताना, मार्च-एप्रिलात होते, आणि ऑलिंपिकच्या वर्षात तर सगळीकडेच पत्ते पिसले जातात. तिच्या संघाला ती फार काळ थांबवू शकणार नाही. तेव्हा तिला या आठवड्यात फोन करा, आणि सुरुवात पैशांपासून करा: ‘‘ठेवीतून हप्ता भरणं मला झेपणार नाही. कर्जाची मुदत वाढवायला मी तुझ्याबरोबर सही करतो. हप्ता तुझाच राहील. पीआरचं काय झालंय ते आधी सांग.’’ खेळाबद्दल तुम्हाला चांगलं बोलता येत नसेल तर काहीच बोलू नका, ‘नाही’ तेवढं म्हणू नका. मग मंजुरीपत्र, गेल्या वर्षभराचा खातेउतारा आणि तिच्या सध्याच्या पगाराची पावती घेऊन बँकेत जा. मुख्य कर्जदार ती असल्याने अर्जावर तिची सही लागेल. कागद इकडून तिकडे आणि पुन्हा इकडे यायला वेळ जाईल, तो हिशेबात धरा. मार्चअखेरच्या आठवड्यात शाखेत कुणी तुमच्याकडे बघणारही नाही, त्याआधी जाऊन या.